शिरस्त्राणाचे दार

गेल्या श्रावणात कर्वे रस्त्यावरच्या एका हेल्मेटच्या दुकानात आम्ही तिघे मराठीचे अध्यापक बराच वेळ उभे होतो. तिघांनीही चाळिशी ओलांडलेली, दोघांना चष्मा, आणि तिघांच्याही मनात आपण येथे येण्यास काहीशी उशिराच सुरुवात केली अशी रुखरुख. दुकानदाराने एकवार आमच्या डोक्यांकडे, एकवार चष्म्यांकडे पाहिले आणि वरच्या फळीवरून एक काळे, जडशीळ हेल्मेट काढून समोर ठेवले. हनुवटीखालची लाल कळ त्याने अंगठ्याने दाबली. खट् असा आवाज झाला आणि त्या हेल्मेटचा सारा जबडा वर उचलला जाऊन कपाळावर टेकला. "सर, चष्मेवाल्यांनी फ्लिप-अपच घ्यावं," तो म्हणाला. "पत्ता विचारा, चहा प्या, डोक्यावरून काढायला नको."

या 'काढायला नको'मध्येच ग्यानबाची मेख आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले नव्हते. पुढून उघडणाऱ्या या हेल्मेटाला इंग्रजीत दोन-तीन नावे आहेत; मराठीत एकही नाही. आम्ही आपसात त्याला 'जबड्याचे हेल्मेट' म्हणू लागलो आणि ते नाव आम्हाला पुरते. मात्र ते नाव उच्चारताना आम्हा तिघांना एकच प्रसंग आठवतो, तो आधी सांगितला पाहिजे.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा आमचा एक विद्यार्थी पौड फाट्याजवळ पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर दुचाकीवरून घसरला. डोक्यावर हेल्मेट होते, हनुवटीखालचा पट्टाही लावलेला होता. कवटीला ओरखडासुद्धा आला नाही. पण ते हेल्मेट दुकानदार ज्याला हाफ फेस म्हणतात तसले होते. कपाळ आणि कान झाकणारे, चेहरा मोकळा सोडणारे. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून जबडा बंद करण्यात आला. महिन्याभरात मौखिकी आली, तेव्हा तो एक दोनशेपानी वही घेऊन आमच्यापुढे बसला. आम्ही प्रश्न विचारायचे आणि त्याने लिहून उत्तर द्यायचे, असा तो विलक्षण कार्यक्रम पाऊण तास चालला. त्याचा विषय बखरगद्य हा होता आणि उत्तरे उत्तम होती. शेवटी कोणीतरी अपघाताविषयी हळहळ व्यक्त केली, तेव्हा त्याने वहीच्या समासात लिहिले, 'हेल्मेट घातलं होतं, सर.' जणू आम्ही त्याच्यावर काही आळ घेतला होता!

आळ घेण्याचा अधिकार आम्हाला नव्हताच. पण त्या समासातल्या वाक्यातील 'हेल्मेट' या शब्दाचा नेमका अर्थ काय, डोके झाकणारी वस्तू म्हणजे हेल्मेट की डोके आणि तोंड दोन्ही झाकणारी, हा प्रश्न आमच्या विभागात पुढे कितीतरी दिवस चहाबरोबर निघत राहिला. शब्दार्थाचा प्रश्न आला की आम्हाला कोश उघडल्यावाचून राहवत नाही. ते करता करता जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

'शिरस्त्राण' हा शब्द जुना आणि स्वच्छ आहे: शिराचे त्राण करणारे ते शिरस्त्राण. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना चिलखतांची यादी दिली आहे, तीत शिरस्त्राणाच्या पाठोपाठ कंठत्राण येते. मग धडाची आवरणे. डोक्याला एक नाव, गळ्याला एक नाव. त्या दोहोंच्या मध्ये जो प्रदेश आहे, ज्यात डोळे, नाक आणि बोलण्याचे तोंड असते, त्याच्या संरक्षणाला त्या यादीत स्वतंत्र नाव नाही. कालिदासाला शिरस्त्राण दिसले ते मात्र निराळेच. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अजाच्या युद्धाचे वर्णन आहे. तेथे रणभूमी ही मृत्यूची मद्यपानभूमी होते आणि गळून पडलेली शिरस्त्रे हे तिच्यातले मद्याचे प्याले ठरतात. कवीची प्रतिभा वादातीत आहे. पण प्याला ही उपमा सुचण्यासाठी ते शिरस्त्र वाडग्याच्या आकाराचे आणि पुढून उघडेच असले पाहिजे, एवढा कोरडा निष्कर्ष काढण्याची मुभा वाचकांनी आम्हाला द्यावी. आमच्या विद्यार्थ्याचे हेल्मेटही उलटे ठेवले असते तर प्याल्यासारखेच दिसले असते.

मराठीत या शस्त्रसाहित्याचा जो शब्द घरोघर गेला तो 'जिरेटोप'. यातल्या 'जिरे'चा फोडणीशी काही संबंध नाही. फारसीत 'जिरिह' म्हणजे कड्या गुंफून केलेले चिलखत, आणि त्याच्या जोडीचा टोप तो जिरेटोप. म्हणजे हा शब्द मुळात युद्धातल्या धातूच्या टोपाचा. आज तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते कापडी, मोत्यांच्या लडी आणि तुरा असलेले राजस शिरोभूषण. नाटकांनी, चित्रपटांनी, दिनदर्शिकांनी आणि पुतळ्यांनी हा बदल घडवला. त्यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. मात्र अर्थसंक्रमण शिकवताना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. डोके वाचवणारी वस्तू डोके शोभवणारी झाली आणि शब्द होता तेथेच राहिला.

अफजलखानाच्या भेटीला, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराज निघाले तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली कड्यांचे चिलखत घातले होते आणि पागोट्याखाली पोलादी टोप ठेवला होता, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. आम्हाला यातला 'खाली' हा शब्द मोलाचा वाटतो. वरून पाहणाऱ्याला दिसावे ते पागोटे, कारण भेट सलोख्याची होती आणि सलोख्याच्या भेटीत चेहरा मोकळा असावा लागतो. आत असावे ते पोलाद, कारण भेटीचा भरवसा नव्हता. दोन्ही गरजा एकाच मस्तकावर आल्या आणि त्या एकाखाली एक अशा रचून सोडवल्या गेल्या.

रणांगणावर ही सोडवणूक निराळ्या रीतीने होत असे. मोगलकालीन आणि दख्खनी टोपांची घडण ज्यांनी संग्रहालयांत पाहिली असेल त्यांना ती आठवेल. पोलादी वाडगा, वर एक अणी, पुढे तुरे खोवण्यासाठी दोन नळ्या, मागे आणि कानांवरून खांद्यापर्यंत लोंबणारी कड्यांची झालर. आणि या साऱ्याच्या पुढे, बरोबर मध्यावर, नाकावरून खाली येणारी एक अरुंद लोखंडी पट्टी. ही पट्टी बसवलेली नसते, सरकती असते. कपाळावरच्या खोबणीतून ती वर-खाली होते आणि हव्या त्या उंचीवर स्क्रूने वा खिटीने अडकवता येते. लढाईला तोंड लागले की पट्टी खाली. छावणीत परतताना, पाणी पिताना, धन्यासमोर उभे राहताना पट्टी वर. दुकानदाराच्या लाल कळीची ही आजी! तिने चेहरा झाकला जात नसे, हे खरे. पण आडवा वार नाकावर यायचा तो तीवर यावा, एवढे ती करी. महत्त्वाचे असे की ती खाली करून अडकवली नाही तर तिचा उपयोग शून्य होता, आणि वर करून ठेवलेली पट्टी ही केवळ दागिना होती.

युरोपात हीच गोष्ट अधिक हट्टाने केली गेली. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या सरदारांच्या शिरस्त्राणांना कानशिलांजवळच्या खिळ्यांवर फिरणारा पोलादी मुखपट असे. आजच्या जबड्याच्या हेल्मेटाचे खिळे त्याच जागी असतात. या रचनेचे मर्म आणि तिचा घात या दोहोंची कहाणी फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या मृत्यूत आहे. अफजलखान-भेटीच्या शंभर वर्षे आधी, ३० जून १५५९ रोजी, पॅरिसमध्ये एका विवाहोत्सवानिमित्त घोड्यावरून भाल्यांची झुंज चालली असता प्रतिस्पर्ध्याचा भाला मोडला आणि त्याच्या कमच्या मुखपटातून राजाच्या डोळ्यात शिरल्या. दहा दिवसांनी तो मेला. मुखपट नीट अडकवलेला नव्हता असेही काही जण सांगतात. तसे असो वा नसो, ज्या शिरस्त्राणाला दार आहे त्याची परीक्षा दार कशाचे केले आहे यावर जितकी होते तितकीच ते बंद कसे राहते यावर होते.

बंदुकांचे राज्य आले आणि ही सारी पोलादी कारागिरी निरुपयोगी ठरली. आपल्याकडे उरले ते पागोटे. त्याच्या भोवती मानापमानाची केवढी मोठी भाषा उभी राहिली, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पागोटे रोज बांधायचे, पगडी तयार बांधलेली डोक्यावर ठेवायची. पण दोन्ही उतरवणे म्हणजे शरण जाणे. याच भाषेने एक शहाणी म्हणही आपलीशी केली: शिर सलामत तो पगडी पचास. म्हणीचा अर्थ सरळ आहे. डोके शाबूत राहिले तर पगड्या पन्नास मिळतील. आमच्या शहराने मात्र एके काळी ही म्हण उलटी वाचली, आणि त्या वाचनात आम्हीही सामील होतो.

पुण्याचा हेल्मेटविरोध हा आता विनोदाचा विषय झाला असला तरी त्याला इतिहास आहे. हे मुळात सायकलींचे शहर. १९७२ मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना या दोन्ही आल्या आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सायकलवाला दुचाकीवाला झाला. पण मनाने तो सायकलवरच राहिला. (महर्षी कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसनपर्यंत शिकवायला चालत जात, त्यांच्या पुतळ्याला वळसा घालताना आज कोथरूडकराला सिग्नलचे साठ सेकंद जड जातात, हा भाग निराळा.) सायकलवर कोणी लोखंडी टोप घालून बसत नाही, मग लुनावर का बसावे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीवाल्याला आणि मागे बसणाऱ्याला प्रमाणित शिरस्त्राण बंधनकारक केले, पगडी परिधान केलेल्या शिखांना तेवढे वगळले. हेल्मेटसक्ती ही संचारस्वातंत्र्यावर गदा आहे हा युक्तिवाद त्याच वर्षी, आंध्र प्रदेशातील एका नियमासंबंधीच्या अजय कानू खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता. पण कायदा पुस्तकात आणि डोके मोकळ्या हवेत, हा पुण्याचा रिवाज त्यानंतरही चालू राहिला. जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असे जाहीर केले. तेही विरोधापुढे मागे घ्यावे लागले. १ जानेवारी २०१९ पासून पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी शहरात कारवाई सुरू केली आणि त्याच आठवड्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीचा मोर्चा निघाला. मोर्चेकऱ्यांपैकी काहींच्या डोक्यावर पुणेरी पगडी होती. या पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले. म्हणजे ती आता कायद्यानेही पुण्याची.

त्या पगड्यांवर आमच्यापैकी एकाने तेव्हा एका वार्षिकात खुसखुशीत लेख लिहिला होता. 'शिरस्त्राणाविरुद्ध शिरोभूषण' असे काहीतरी त्याचे शीर्षक होते आणि उरलेल्या दोघांनी तो वाचून टाळ्या दिल्या होत्या. आज तो लेख पुन्हा वाचवत नाही. सक्तीला विरोध करणे हा नागरिकाचा हक्क आहे, रस्त्यांतले खड्डे आधी बुजवा हे म्हणणेही रास्तच आहे. पण आम्ही विनोद केला तो डोक्याच्या किमतीवर.

आज त्या वादातले युक्तिवाद आठवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, बाजूने कोण गेले ते दिसत नाही, ओळखीचे कोणी भेटले तर बोलता येत नाही. यांतील निम्मी गाऱ्हाणी डोक्याची नाहीतच, ती चेहऱ्याची आहेत. पुणेकराला दुचाकीवरही समाजात राहायचे असते. सिग्नलला शेजारच्याशी दोन शब्द बोलायचे असतात, नाक्यावर कोणाला तरी मान हलवायची असते. आणि गंमत अशी की त्याच शहरात, त्याच काळात, हजारो मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा स्कार्फने घट्ट बांधून दुचाकी चालवत होत्या. ऊन, धूर आणि रस्त्यावरच्या नजरा यांच्यापासून त्यांना चेहरा वाचवायचा होता. तेव्हा चेहरा झाकला की गुदमरायला होते हा पुरुषांचा दावा सर्वमान्य नव्हता, एवढे खरे. मात्र त्या कापडाने हनुवटी वाचत नाही आणि पुरुषांच्या मोकळ्या चेहऱ्यानेही वाचत नाही. त्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच.

दुसरा युक्तिवाद वेगाचा होता. शहरात वेग असतो कुठे? हा प्रश्न आम्हीही हिरिरीने विचारीत असू. त्याचे उत्तर आम्हाला भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने शिक्षककक्षातल्या फळ्यावर लिहून दिले. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी जागच्या जागी उभी असली आणि माणूस नुसता आडवा कोसळला, तरी दीड मीटर खाली येईतो डोक्याला ताशी वीस किलोमीटरच्या जवळपास वेग येतो. डांबराला गाठायला एवढा पुरे होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले; त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. विनोद करणाऱ्याने हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

डोके वाचवता येते, हे शास्त्राने ओळखले त्यामागेही एका लेखकाचा मृत्यू आहे. साहित्याच्या वाचकांना तो ठाऊक असावा. 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'चा कर्ता आणि ओडिसीचा इंग्रजी अनुवादक टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी परतत असता सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्धीत काढून तो गेला. त्याला तपासण्यासाठी ज्यांना बोलावले त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी त्यानंतर मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने कामावरच्या मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे केले. युद्धात निरोप पोचवणारी ही पोरे शत्रूच्या गोळीपेक्षा अंधारातल्या रस्त्यांनी अधिक मरत होती की काय, असे तो निबंध वाचताना वाटत राहते.

केर्न्स यांच्या काळातले हेल्मेटही वाडग्यासारखेच होते. हनुवटीपुढे कमान असलेले, सारा चेहरा बंदिस्त करणारे हेल्मेट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बेल कंपनीने बाजारात आणले, तेही प्रथम मोटारींच्या शर्यतींसाठी. त्याची गरज किती होती हे पुढे जर्मनीत हॅनोव्हर येथील संशोधक डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवरचे आघात मोजून दाखवले: त्यांतले सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागात आढळले. आमच्या विद्यार्थ्याचे नशीब खोटे नव्हते. त्याच्या हेल्मेटाला तो प्रदेशच नव्हता.

मग १९८१ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या स्वारांसाठी एक हेल्मेट आणले, ज्याचा हनुवटीकडचा भाग वर उघडत होता. चेहरा बंद करणारे आणि तरीही बोलू देणारे. युरोपातील पोलिसांना ते विशेष भावले, आणि का ते सहज कळते: वाहनचालकाला थांबवून त्याच्याशी बोलायचे तर आपला चेहरा त्याला दिसला पाहिजे, दर वेळी हेल्मेट उतरवावे तर मोटारसायकल कोणी सांभाळायची? दख्खनी टोपाच्या सरकत्या पट्टीचा, सरदाराच्या मुखपटाचा आणि पागोट्याखालच्या पोलादाचा प्रश्न असा प्लॅस्टिक आणि थर्माकोल यांत पुन्हा अवतरला.

थर्माकोल हा शब्द आम्ही हलकेपणाने वापरलेला नाही. हेल्मेटमधील खरे शिरस्त्राण तेच आहे. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते. आतला थर्माकोलचा जाड थर चिरडला जाऊन डोके थांबायला क्षणाचा एक भाग अधिक देतो, आणि मेंदू वाचतो तो त्या क्षणभागात. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठ्या अपघातातून निघालेले हेल्मेट, बाहेरून कितीही धडधाकट दिसो, टाकून द्यायचे. हे कळल्यावर दुकानात पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे प्रत्येक जबड्याच्या हेल्मेटात बोटे घालून हनुवटीच्या कमानीत हा थर आहे की नुसते पातळ स्पंजचे अस्तर आहे ते चाचपणे. दोन नमुन्यांत काहीच हाताला लागले नाही. ते दार नव्हे, पडदा.

दुसरी गोष्ट खिटीची. जबडा दोन्ही बाजूंनी अडकतो का, खिटी धातूची आहे की प्लॅस्टिकची, बंद झाल्याचा आवाज दोन्हीकडून येतो का. हेन्री राजाचे स्मरण करून आम्ही प्रत्येक हेल्मेट दहा-दहा वेळा उघडून मिटले. दुकानदाराचा संयम दांडगा.

तिसरी गोष्ट मात्र कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. युरोपच्या ईसीई प्रमाणपत्रात हेल्मेटाच्या पट्ट्यावरील चिठ्ठीत एक अक्षर असते. 'पी' म्हणजे हनुवटीचे संरक्षण तपासलेले. 'जे' म्हणजे उघड्या चेहऱ्याचे. 'एनपी' म्हणजे हनुवटीपुढे काही आहे पण त्यावर विसंबू नका. आणि 'पी/जे' म्हणजे उघडे आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत तपासलेले. जबडा वर करून गाडी हाकायची असेल तर हे शेवटचे जोडनाव असल्यावाचून हाकू नये. आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्हाचीच हेल्मेटे बनवता आणि विकता येतात. चिन्हामागचे मानक आयएस ४१५१. हे चिन्ह हवेच. पण जबडा उघडा असताना काय, या प्रश्नाचे उत्तर ते चिन्ह पाहून ग्राहकाला मिळत नाही. बेळगावच्या वेगा कंपनीच्या 'क्रक्स'सारख्या हेल्मेटांनी हा प्रकार सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आणला, ही मोठीच गोष्ट झाली. आता विकत घेणाऱ्यांनी जबडा मिटूनच गाडी चालवायची आहे. सिग्नलला उघडा, हिरवा पडण्याआधी मिटा. दुकानदाराच्या 'काढायला नको'चे भाषांतर आम्ही असे केले.

आणि तोटेही सांगावेत. एकसंध हेल्मेटपेक्षा हे जड असते, कारण खिळे, खिट्या आणि कळ यांचे वजन फुकट मिळत नाही. सांध्यांतून वारा शिरतो आणि शिट्टी घालतो. ज्याला चष्मा नाही, ज्याला वाटेत बोलायची हौस नाही, त्याने साधे बंद हेल्मेट घ्यावे. ते स्वस्त आणि त्याला बिघडायला दार नाही. आमच्यापैकी चष्मा नसलेल्याने तेच घेतले. उरलेल्या दोघांना मात्र एकसंध हेल्मेट घालताना दर वेळी चष्मा काढून, आत डोके कोंबून, मग आंधळ्यासारखा चष्म्याच्या काड्या कानांवर चाचपत बसवणे जमेना, आणि जे जमत नाही ते शेवटी आरशाला लटकते. माप घेताना चष्मा लावून, जबडा मिटून, दहा मिनिटे तसेच बसून राहावे हा सल्ला दुकानदारानेच दिला. त्या दहा मिनिटांत दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ओळख पटायला वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे.

कोथरूडच्या डोक्यावर वेताळ टेकडी आहे आणि तिच्यावर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे आवार आहे. देशातल्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी तेथे तपासल्या जातात. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे आम्ही त्या कुंपणावरून वर्षानुवर्षे गेलो; खाली उतरून उघड्या डोक्याने गाडीला किक मारली आणि महाविद्यालय गाठले. 'एआरएआय' ही आमच्या लेखी एक टेकडी होती.

त्या संध्याकाळी दुकानातून निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. पौड फाट्याच्या सिग्नलला शेजारी एक दुचाकी येऊन थांबली. स्वाराने काच वर केली आणि आम्हाला ओळखून नमस्कार केला. तोच विद्यार्थी होता. त्याचे हेल्मेट नवे होते, बंद. आम्ही दोघांनी कळ दाबून जबडे वर केले आणि त्याला नेट परीक्षेचे विचारले. "पेपर दुसरा बरा गेला, सर," तो म्हणाला. बोलताना ओठ किंचित डावीकडे ओढले जातात, ते आता कायमचे. मग दिवा हिरवा होण्यास सात सेकंद उरले असता त्याने आमच्याकडे पाहून स्वतःच्या हनुवटीवर दोनदा बोट ठेवले, आणि आम्ही जबडे मिटले.